साबण

रंगमंचावरच्या आरशात काही दिसत नाही.
बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं.
दिव्यांचा झोत उलटून प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाऊ नये
म्हणून रोज पडद्याआधी मी त्यावर साबण चोळते,
ओला, पांढरा, धुण्याचा साबण,
कडेपासून मध्यापर्यंत, गोल गोल,
डुलुथच्या खिडक्यांवर फेब्रुवारीत धरते तशी वाफ येईतो.

आणि मॅरीएल लिंडक्विस्ट
आठवड्यातून सहा वेळा त्या साबणापुढे उभी राहून
हंबरडा फोडते, की माझं रूप गेलं.

नाटक कोल्बीचं. कोल्बी अठ्ठावीस वर्षांचा.
त्यानं तिच्या प्रवेशापाशी लिहिलंय :
'वय चव्वेचाळीस. एके काळी सुंदर असावी.'
त्या 'असावी'वर मॅरीएलनं पेन्सिलीनं
इतक्यांदा रेघ ओढली
की तिथे आता कागदाला भोक आहे,
आणि त्यातून पुढच्या पानावरचा
नवऱ्याचा संवाद दिसतो.

ती बावन्नची. आठ वर्षं चोरते.
चोरी म्हणावी तर ऐवज कुठे ठेवते कळत नाही.
मानेत नाही. मनगटांत तर नाहीच.
दिवेवाल्याकडून गोड बोलून लावून घेतलेल्या
जर्दाळू रंगाच्या कागदात थोडी सापडतील,
थोडी माझ्या टाचण्यांत.

"डोरीन, तुला कसं गं काही वाटत नाही?"
टोपाखालची जाळी बसवताना तिनं एकदा विचारलं.
मला त्या हिवाळ्यात एकसष्टावं लागलं होतं.
मी काळे कपडे घालते, अंधारात खुर्च्या हलवते.
काळोखात खुर्ची उचलणाऱ्या बाईला
कोण कशाला वय विचारेल?
तोंडात टाचण्या होत्या. नुसतं 'हं' म्हटलं.
खरं म्हणजे वाटत होतं.
गुडघ्यांत वाटत होतं,
आणि कधी कधी, ती घरी गेल्यावर,
तिच्या मेजावरच्या बल्बांच्या चौकटीत
मिनिटभर बसून बघण्याइतकं वाटत होतं.

त्या बुधवारी दुपारचा खेळ.
सरोवर गोठलेलं, मोटार सुरू होईना,
मी पोचले तेव्हा दुसरी घंटा झालेली.
टेबलावर पत्र ठेवलं,
व्हिस्कीच्या ग्लासात चहा ओतला.
साबण राहिला.

तिसऱ्या अंकात ती वळली
आणि आरशात कुणीतरी होतं.
विंगेतून मला तिची पाठ दिसत होती.
पाठीला आधी कळतं.
झिप लावताना मी रोज धरते ते दोन्ही खांदे
बोटभर खाली आले.

तिच्या मागे, त्याच काचेत,
पहिल्या चार रांगा उजळल्या होत्या :
वृद्धाश्रमाची बस भरून आलेल्या बायका,
पांढरी, निळसर, विरळ डोकी,
मांडीवर कोट,
एकीच्या नाकात प्राणवायूची नळी,
एकीच्या ओठांवर भडक लाल लिपस्टिक,
ओठांच्या कुंपणाबाहेर गेलेलं.

"सांग," मॅरीएल म्हणाली,
"सांग, मी किती वर्षांची दिसते?"
इथवर बरोबर. पुढचं वाक्य आलंच नाही.
मी कुजबुजून दिलं. दोनदा दिलं.
हीटरची नळी टक टक करत राहिली.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून,
कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात :
"आहेस तेवढी दिसतेस, पोरी.
पुढचं बोल. आमची बस साडेचारला आहे."

हशा रांगेरांगेनं मागे गेला.
मॅरीएल हसली नाही.
काचेतल्या गर्दीत ती त्या बाईला शोधत होती.
सापडली. लाल ओठांची.
मग पुढची दोन पानं तिच्याशीच बोलली,
शब्द कोल्बीचेच, पण हंबरडा नाही,
भांडी विसळता विसळता शेजारणीला सांगावं तसं.
नवरा झालेला नट गडबडला,
रडणाऱ्या बायकोला सावरायला पुढे केलेले हात
त्यानं खिशात घातले.

नंतर मी माफी मागायला गेले.
ती कापसानं तोंड पुसत होती,
अर्धं चव्वेचाळीसचं, अर्धं बावन्नचं.
"किती वाजले?"
"पावणेपाच."
"मिळाली असेल ना त्यांना बस?"
मग बराच वेळ क्रीमच्या डबीचं झाकण फिरवत राहिली.
"उद्या साबण लाव," म्हणाली,
"लोकांच्या डोळ्यांवर येतं."
मी दारापाशी पोचले.
"आणि डोरीन,
सगळीकडे नको. खालचा कोपरा सोड."